बिनपत्त्याचा नमुना चालत नाही
वसाहतींतील विहिरींची निवड आणि नोंद

(दिल्ली व आसपासच्या वसाहतींतील मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्याच्या पत्रिकेवर पेन्शन, रिक्त जागा आणि क्वार्टरांची दुरुस्ती असे मोठे विषय आहेत. त्यांवर इतर सहकारी बोलतील. आमच्या वाट्याला पाण्याचा विषय आला आहे. पाण्यावर आपण आजवर पुष्कळ बोललो आहोत. निवेदने दिली, घोषणा दिल्या, रिकामे हंडे घेऊन कार्यालयापुढे बसलो. आज आम्ही घोषणा देणार नाही. आज आम्ही एका नोंदवहीविषयी बोलणार आहोत. विषय कोरडा वाटेल, पण तो नीट ऐकावा अशी आमची विनंती आहे, कारण या नोंदवहीच्या अभावी आपण एक लढाई हरलो आणि तिची किंमत आपल्याच बायकामुलांनी मोजली.

आम्ही काही भूगर्भशास्त्रज्ञ नाही. मॅट्रिक होऊन रेल्वेत लागलो आणि पुढे युनियनच्या कामात पडलो. जे सांगणार आहोत ते जाणकारांना विचारून, सरकारी अहवाल वाचून आणि मुख्यतः स्वतः ठेच खाऊन शिकलो आहोत.

आमची चूक आधी

काही वर्षांपूर्वी यमुनेपलीकडच्या एका वसाहतीतून तक्रार आली की पाण्याची चव बदलली आहे आणि पोटाचे विकार वाढले आहेत. आम्ही दोघे-तिघे गेलो. एका क्वार्टरच्या नळाचे पाणी शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरले आणि प्रयोगशाळेत दिले. अहवाल आला. नायट्रेटचे प्रमाण मर्यादेच्या वर होते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेट एका लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. आम्हाला वाटले, आता पुरावा हाती आला. अहवालाची प्रत निवेदनाला जोडली आणि संबंधित कार्यालयात गेलो.

तिथल्या अधिकाऱ्याने अहवाल शांतपणे वाचला आणि प्रश्न विचारले. वसाहतीत तीन बोअर आहेत, हे पाणी कोणत्या बोअरचे? तिन्ही बोअरचे पाणी वरच्या टाकीत एकत्र होते आणि त्यात जल बोर्डाचेही पाणी मिसळते, मग दोष कोणाचा? त्या बोअरची खोली किती? नमुना कोणत्या तारखेला, किती वाजता घेतला? बाटली कोणी धुतली, सील कोणी केले? आमच्यापाशी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. फाईल तिथेच बंद झाली.

आम्ही रागावून बाहेर आलो. त्या कार्यालयावर आरोपही केले. पण रात्री शांतपणे विचार केला तेव्हा कळले की त्याचे प्रश्न खरे होते. टाळायचे म्हणून विचारले असतील, तरीही खरे होते. त्यांची उत्तरे आपल्याकडे असती तर त्याला टाळता आले नसते.

पुढे आम्ही तिन्ही बोअरची माहिती गोळा केली, प्रत्येकाचा वेगळा नमुना रीतसर घेतला आणि दोन ऋतू थांबून पुन्हा घेतला. तेव्हा निघाले असे की दोन बोअर ठीक होते. तिसरा सर्वांत उथळ होता आणि फुटलेल्या मैल्याच्या नळापासून काही पावलांवर होता. सगळे नायट्रेट त्याचे होते. कागद पुरा होता, म्हणून तो बोअर आठवड्याच्या आत बंद झाला. पण मधे दीड वर्ष गेले होते. वसाहतीच्या सभेत आम्ही हे यश सांगत होतो, तेव्हा एका पॉइंट्समनची पत्नी उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, बोअर बंद केलात ते चांगलं केलंत. पण तुमचा कागद पुरा होईस्तोवर माझ्या लेकरानं तेच पाणी प्यायलं. मी तर उकळून देत होते." तिला काय सांगणार? उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटते तसे उलट त्याचे प्रमाण वाढते. आणि नायट्रेटचा सर्वांत जास्त धोका बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलांनाच असतो. रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होऊन मूल निळे पडू शकते.

त्या बाईचे वाक्य आम्ही विसरलो नाही. म्हणून आज हा विषय.

आपल्याला हे नवीन नाही

टपाल खात्यातील बंधूंना एक आठवण करून देतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. त्यामागे आपले एक मराठी माणूस होते, टपाल व तार खात्यातील वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर. एकाच नावाची अनेक गावे, वेगवेगळ्या भाषांत आणि वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेले पत्ते, त्यामुळे पत्र भलतीकडे जायचे. सहा आकड्यांनी तो गोंधळ मिटवला. पत्रातला मजकूर कितीही महत्त्वाचा असो, पत्ता नसेल तर पत्र पोहोचत नाही, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक आहे? पाण्याच्या नमुन्याचे तसेच आहे. आमच्या त्या बाटलीत खरी बातमी होती, पण तिच्यावर पत्ता नव्हता.

रेल्वेतील बंधूंना तर सांगायलाच नको. रुळाला तडा गेला तर कीमन "तिकडे कुठेतरी पुलाजवळ" असे कळवत नाही. किलोमीटर आणि खांबाचा नंबर देतो, अप की डाऊन ते सांगतो, वेळ लिहितो. गार्डच्या नोंदवहीत मिनिटाची नोंद असते. अपघाताच्या चौकशीत ती नोंद माणसाची नोकरी वाचवते. हीच शिस्त विहिरीला लावायची आहे, एवढेच आमचे म्हणणे. इथे विहीर म्हणताना आम्ही आडविहीर, हापसा आणि बोअर तिन्ही धरतो.

लंडनच्या एका पंपाची गोष्ट

पत्ते लिहून काय साधते, याचे एक जुने उदाहरण देतो. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची मोठी साथ आली. त्या काळी लोक समजत की पटकी दूषित हवेने होते. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने मृतांचे पत्ते घेतले आणि घरोघर फिरून एकच प्रश्न विचारला, पाणी कोणत्या पंपाचे पिता?

त्यात कामगारांच्या दोन नोंदी आहेत. त्याच रस्त्यावर बंदुकीच्या टोप्या बनवणारा कारखाना होता. तिथे सुमारे दोनशे कामगार होते आणि त्यांच्यासाठी त्या पंपाच्या पाण्याची दोन पिंपे भरून ठेवलेली असत. त्यांपैकी १८ कामगार दगावले. त्याच रस्त्यावर बिअरची भट्टी होती, सत्तरावर कामगार होते. त्यांच्यापैकी पटकीने कोणी मेले नाही. ते बिअर पीत आणि भट्टीची स्वतःची विहीर होती. हवा दोघांची एकच, पाणी वेगळे. दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक वृद्ध विधवा मात्र मेली, कारण तिला त्याच पंपाचे पाणी आवडे आणि ते रोज गाडीतून तिच्याकडे जाई. ही यादी घेऊन स्नो अधिकाऱ्यांपुढे उभा राहिला, आणि ८ सप्टेंबर १८५४ रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती, हेही स्नोने प्रामाणिकपणे लिहिले. पण कोणता माणूस कोणत्या विहिरीचे पाणी पितो ही नोंद कायमची राहिली आणि वैद्यकशास्त्र बदलले.

दिल्लीच्या जमिनीखाली

आपल्यापैकी बरेच जण महाराष्ट्रातून आले. तिकडे बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा. पाणी खडकाच्या भेगांत असते, म्हणून एका शेतात विहिरीला पाणी आणि शेजारच्या शेतात ठणठणाट. अकोला, अमरावती, बुलढाण्याकडच्या लोकांना पूर्णेचा खारपाणपट्टा माहीत आहे. दिल्लीत जमीन वेगळी आहे. अरवलीचा खडकाळ कणा शहरातून जातो, यमुनेकाठी नवा गाळ आहे आणि बाकी बऱ्याच भागात जुना गाळ. यमुनेच्या पूरमैदानात पल्ल्याला गोडे पाणी मिळते, आणि नजफगढकडे थोडे खाली गेले की खारे. पुष्कळ ठिकाणी वर गोडे आणि खाली खारे अशी थरावर थर रचना आहे. म्हणजे एकाच वसाहतीत, एकाच भिंतीलगत, २५ मीटरचा हापसा गोडा आणि ८० मीटरचा बोअर खारा असू शकतो. गोडा बोअर जास्त उपसला तर खालचे खारे पाणी वर चढते. मग "आमच्या कॉलनीचे पाणी खारे आहे" या वाक्याला काही अर्थ राहतो का? कोणता बोअर, किती खोल, नळीला जाळी कोणत्या खोलीवर, हे सांगितले तरच अर्थ राहतो.

खोली न लिहिण्याची किंमत बांगलादेशाने मोजली आहे. जंतूंपासून वाचावे म्हणून तिथे लाखो हापसे बसवले. जंतू गेले, पण उथळ थरातल्या पाण्यात आर्सेनिक म्हणजे सोमल निघाला. पुढे सुमारे ५० लाख हापसे एकेक करून तपासावे लागले. वाईट हापशाच्या तोंडाला लाल रंग दिला, चांगल्याला हिरवा. शेजारी-शेजारी लाल आणि हिरवे हापसे उभे होते. सरासरी काढून तिथे कोणाचाही जीव वाचला नसता.

सरकारी पातळीवर हे काम केंद्रीय भूजल मंडळ करते. त्याचे मुख्यालय इथेच फरिदाबादला भूजल भवनात आहे. १९५४ साली शोधक कूपनलिका संघटना म्हणून हे काम सुरू झाले आणि १९७० साली मंडळाचे नाव मिळाले. मंडळाच्या निरीक्षण विहिरींत वर्षातून चार वेळा पाण्याची पातळी मोजतात. जानेवारी, पावसाळ्याआधी, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. मंडळाच्या २०२४च्या वार्षिक गुणवत्ता अहवालात देशातील १५ हजारांहून अधिक ठिकाणांचे नमुने आहेत, आणि जवळजवळ २० टक्क्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त आहे. महाराष्ट्रात हेच काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा करते. हे काम मोलाचे आहे. पण मंडळाची विहीर तुमच्या वसाहतीत असेलच असे नाही. संपूर्ण दिल्लीचे चित्र त्यांनी काढावे आणि आपल्या वसाहतीचे आपण. मात्र आपली पद्धत त्यांच्या पद्धतीशी जुळली पाहिजे, म्हणजे दोन आकडे शेजारी ठेवता येतील.

विहीर कशी निवडावी

पहिली गोष्ट, काय विचारायचे आहे ते आधी ठरवा. जाणकार तीन प्रकारच्या विहिरी मानतात. एक, जिथे माणसाच्या वापराचा परिणाम पोहोचलेला नाही अशी पायाभूत विहीर. तिच्यावरून त्या जमिनीचे मूळ पाणी कसे आहे ते कळते. दोन, वस्ती आणि वापर वाढतो तसे पाणी कसे बदलते ते दाखवणारी. तीन, विशिष्ट संशयाच्या जागेजवळची, म्हणजे कचऱ्याचा डोंगर, कारखान्याचा नाला, डिझेलची टाकी, मैल्याचा खड्डा यांच्याजवळची. गाझीपूर, भलस्वा किंवा ओखल्याच्या कचऱ्याच्या डोंगराजवळ राहणाऱ्या बंधूंना तिसरा प्रकार लगेच समजेल.

दुसरी गोष्ट, आणि इथे आपल्या लोकांची हमखास चूक होते. आपण सर्वांत वाईट विहीर निवडतो. निवेदन जोरदार व्हावे असे वाटते. पण फक्त वाईट विहीर दाखवली तर समोरचा म्हणतो, इथले पाणी मुळातच असे आहे. संशयाच्या जागेच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला निदान दोन विहिरी घ्या. वरची चांगली आणि खालच्या दोन्ही वाईट निघाल्या तरच बोट दाखवता येते. जमिनीखालचे पाणी कोणत्या दिशेला सरकते हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी रेषेत नसलेल्या तीन विहिरींची पाण्याची पातळी एकाच दिवशी मोजायची आणि तिन्ही जागांचा उंच-सखलपणा एका ठरलेल्या बिंदूशी जोडायचा. आपल्या इंजिनिअरिंग शाखेत लेव्हल लावणारे अनुभवी बंधू आहेत. त्यांचे एका दिवसाचे काम आहे.

तिसरी गोष्ट, विहीर वापरात असावी. पडकी, कचरा टाकलेली, वर्षानुवर्षे न उपसलेली विहीर फक्त स्वतःच्या सडक्या पाण्याची बातमी देते. ती मे महिन्यात कोरडी पडणारी नसावी. तिच्यापर्यंत बारा महिने जाता यावे. ती खाजगी असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्या. आणि शक्यतो तिची बांधणी माहीत असलेली निवडा. दोन बोअर सारखेच सोयीचे असतील आणि एकाच्या खोदकामाचा कागद मिळत असेल, तर तोच घ्या. खोदताना कोणत्या खोलीला माती, वाळू, खडक लागला याचा कागद असतो. कार्यालय देत नसेल तर माहिती अधिकार कायदा २००५ आहे. दहा रुपयांच्या अर्जावर मागा.

चौथी गोष्ट, एकदा निवडलेली विहीर बदलू नका. यंदा ही आणि पुढच्या वर्षी ती असे केले तर पाणी बदलले की विहीर बदलली हे कोणालाच सांगता येणार नाही. नाइलाजाने बदलावी लागली तर जुना नंबर नव्या विहिरीला देऊ नका. मेलेल्या माणसाचा टोकन नंबर नव्या माणसाला दिला तर हजेरीपटाचे काय होईल? तसेच ते.

कार्डावर काय लिहावे

प्रत्येक विहिरीचे एक कार्ड करा. त्यावर तिचा नंबर, वसाहत, अक्षांश-रेखांश लिहा. आता ते प्रत्येकाच्या मोबाईलवर मिळतात. पण तेवढ्यावर थांबू नका. हाताने नकाशा काढा. "पाण्याच्या टाकीपासून पूर्वेला ३२ पावले, शाळेच्या भिंतीलगत" असे लिहा आणि फोटो लावा. तुमची बदली झाल्यावर येणाऱ्या अनोळखी माणसाला कोणालाही न विचारता ती विहीर सापडली पाहिजे, ही कार्डाची परीक्षा.

मग विहिरीचा प्रकार, व्यास, एकूण खोली, खोदल्याचे वर्ष, नळी लोखंडी की प्लास्टिकची ते लिहा. लोखंडी नळी गंजली तर पाण्यात लोह वाढते, आणि दोष जमिनीला लागतो. पंप कोणता, पाणी कशाला वापरतात, किती कुटुंबे पितात ते लिहा. आणि ३० मीटरच्या आत काय काय आहे ते सगळे लिहा. संडास, गटार, धुण्याची जागा, गोठा, तेलाची पिंपे. आपल्याच लोकांचे असेल तरी लिहा. आमच्या एका वसाहतीत विहिरीलगतचा धुण्याचा ओटा कार्डावर लिहायला आपलेच लोक तयार नव्हते. तो लिहिला नसता तर पुढे आपल्याच तोंडावर फेकला गेला असता.

आता मापाचा बिंदू. पातळी नेहमी एकाच खुणेपासून मोजायची. कठड्यावर तेलरंगाने बाण काढा आणि तो जमिनीपासून किती उंच आहे ते लिहा. समजा खुणेपासून पाणी ९.४५ मीटरवर आहे आणि कठडा ०.७५ मीटर उंच आहे, तर जमिनीखाली पातळी ८.७० मीटर. पुढे कोणी कठडा अर्ध्या मीटरने वाढवला आणि नोंद केली नाही, तर पाणी अर्धा मीटर खाली गेल्याचे खोटेच दिसेल. म्हणून कार्डाच्या मागे बदलांची नोंद हवी. कठडा बांधला, पंप बदलला, गाळ काढला, ब्लिचिंग पावडर टाकली. तारीख आणि सही.

नमुना घेताना

नळीत साचून राहिलेले पाणी म्हणजे थरातले पाणी नव्हे. ते आधी काढून टाकावे लागते. साधारण नियम असा की नळीत जितके पाणी उभे आहे त्याच्या निदान तिप्पट उपसायचे. सहा इंची नळीच्या एका मीटरमध्ये सुमारे १८ लिटर पाणी मावते. बोअर ६० मीटर खोल, पाणी २० मीटरवर, म्हणजे ४० मीटर पाणी उभे. ते झाले ७२० लिटर. तिप्पट म्हणजे २,१६० लिटर. पंप मिनिटाला ६० लिटर देत असेल तर ३६ मिनिटे. हापशाला जास्त घाम गाळावा लागतो. इंडिया मार्क दोन हापसा मिनिटाला ४० दांडे मारले की सुमारे १२ लिटर देतो. चार इंची बोअरमध्ये २५ मीटर पाणी उभे असेल तर तिप्पट उपसायला ५० मिनिटे लागतात. दोन तरुण बरोबर घ्या. जाता जाता सांगतो, जगभर गेलेल्या या हापशाचे मूळ सोलापूरच्या हापशात आहे, आणि तो एका स्वयंशिक्षित मेकॅनिकने बनवला होता. कामगाराच्या डोक्याला पदवी लागत नाही.

बाटलीविषयी रेल्वेच्या लोकांना एकच उदाहरण पुरे. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली. पहिल्या फेरीत दहा टाक्या, पाच लाख लिटर पाणी. त्या टाक्या कोट्याच्या कारखान्यात आधी वाफेने धुऊन काढल्या होत्या. टाकीत पूर्वी काय होते हे विसरून कोणी पाणी भरले नाही. आमच्या त्या शीतपेयाच्या बाटलीत मात्र आम्ही विसरलो. रासायनिक तपासणीची बाटली प्रयोगशाळेतून घ्या आणि त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. धातूंच्या तपासणीसाठी वेगळी बाटली लागते आणि तिच्यात आम्ल घालावे लागते. ते काम प्रयोगशाळेच्या माणसाकडूनच करून घ्या. जंतूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक असते. ती विसळायची नाही, आत बोट लावायचे नाही, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवायची. लेबलावर विहिरीचा नंबर, तारीख, वेळ, किती मिनिटे उपसले आणि दोघांच्या सह्या. बाटली ज्याच्या हाती दिली त्याचीही सही. रजिस्टर पत्राची जशी हातोहात पोच असायची तशी.

नळाचे पाणी तपासू नका असे आम्ही म्हणत नाही. माणूस नळाचेच पाणी पितो, म्हणून आरोग्यासाठी नळ तपासलाच पाहिजे. पण नळाची वही वेगळी आणि विहिरीची वही वेगळी. नळ सांगतो की रोग आहे, विहीर सांगते की तो कुठून आला.

वही शाखेची

बंधू-भगिनींनो, या कामात एक पथ्य आहे. आकडा आपल्या विरुद्ध गेला तरी तो वहीत राहिला पाहिजे. ज्या वर्षी पाणी चांगले निघेल त्या वर्षीही लिहा. आपल्या त्या वसाहतीत दोन बोअर चांगले निघाले हे आपण लपवले नाही, म्हणूनच तिसऱ्याविषयी आपल्यावर विश्वास ठेवला गेला.

आमचा प्रस्ताव असा आहे. प्रत्येक शाखेने दोन सभासद नेमावेत, एक रेल्वेचा आणि जिथे टपाल वसाहत जवळ असेल तिथे एक टपालाचा. वसाहतीतल्या पिण्याच्या प्रत्येक विहिरीचे कार्ड करावे आणि त्यांतल्या तीन विहिरी कायमच्या निवडाव्यात. भूजल मंडळ मोजते त्याच चार वेळांना पातळी मोजावी. मे आणि नोव्हेंबरमध्ये नमुना द्यावा. खर्च शाखेच्या निधीतून करावा आणि हिशेब सभेपुढे ठेवावा. वसाहतीतील भगिनींना या कामात आधी घ्यावे, कारण पाण्याची चव बदलली हे त्यांना आपल्या आधी कळते. वही शाखेची राहील, माणसाची नाही. आपली बदली होते, आपण निवृत्त होतो. विहीर तिथेच राहते आणि तिचे पाणी पिणारी मुलेही तिथेच असतात.

आणि एक. तपासणी पुरी होईपर्यंत वाट बघत बसू नका, हे त्या भगिनीने आम्हाला शिकवले. संशय आला त्या दिवशी ती विहीर पिण्यासाठी बंद ठेवा आणि टँकर मागा. कागद पुरा करणे हे आपले काम आहे, तोवर लेकरांनी ते पाणी प्यावे असे नाही. कार्ड आधीच तयार असेल तर दीड वर्षाचे काम पंधरा दिवसांत होते. म्हणून कार्ड आज करायचे, तक्रार येण्याआधी.

हा प्रस्ताव आपण टाळ्यांनी नव्हे, तर पुढच्या मेळाव्याला भरलेली कार्डे आणून मंजूर करावा, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!